मधु, मधूक आणि मोह : यवतमाळ जिल्ह्यातील एका मद्याच्या नावाचा विचार

यवतमाळ हा द्राक्षांचा जिल्हा नव्हे. कपाशीची काळी जमीन, सागवानाची जंगले आणि वर्धा व पैनगंगा या दोन नद्यांच्या सीमा यांनी त्याची ओळख घडली आहे. द्राक्षाच्या वेलीला मानवणारे नाशिककडील थंड व कोरडे हिवाळे येथे नाहीत. तथापि ज्यापासून मद्य होते आणि त्या मद्याशी ज्याच्या स्थानिक जीवनाचा अतूट संबंध आहे, अशी वनस्पती या जिल्ह्यात आहे. ती म्हणजे मोह. केळापूर, घाटंजी, मारेगाव, झरी-जामणी, राळेगाव या भागांतील गोंड, कोलाम, परधान आदी समाजांच्या घरी चैत्रात मोहाची फुले वाळत पडलेली असतात. त्या फुलांपासून निघणाऱ्या मद्याला मराठीत काय म्हणावे, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो; परंतु त्याचे उत्तर कायद्याच्या भाषेत, शासकीय वर्गवारीत आणि गावच्या ठरावांत शोधू लागले की तो किती गुंतागुंतीचा आहे ते ध्यानात येते.

तुलनेसाठी द्राक्षमद्याकडे पाहणे सोयीचे आहे. मद्याला त्याच्या प्रदेशाचे नाव द्यावयाचे, ही पद्धत युरोपीय असल्याचा समज रूढ आहे. फ्रान्समध्ये १९३५ साली अशा नावांना कायद्याचे संरक्षण मिळाले, आणि बोर्दो, बर्गंडी ही प्रदेशनामे मद्यनामे म्हणून जगभर चालतात, यामुळे तो समज दृढ झाला. वस्तुतः पाणिनीने कापिशी या नगराच्या नावाला लागणाऱ्या प्रत्ययासाठी एक स्वतंत्र सूत्र रचले आहे, आणि काशिकावृत्तीने त्याची उदाहरणे म्हणून तेथील द्राक्षे व तेथील मधु यांचाच निर्देश केला आहे. हे नगर म्हणजे अफगाणिस्तानातील आजचे बेग्राम. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या सुराध्यक्ष-प्रकरणात द्राक्षाच्या रसापासून झालेल्या मद्याला ‘मधु’ म्हटले असून त्याचे प्रकार ज्याच्या त्याच्या देशावरून ओळखावेत असे सांगितले आहे. त्याने दिलेली दोन नावे म्हणजे कापिशायन आणि हारहूरक. प्रदेश हीच मद्याची ओळख, हा विचार इतक्या स्पष्टपणे मांडणारा उल्लेख कोणत्याही भाषेत जुनाच म्हणावा लागेल.

प्रदेशनामे नेहमीच खरे बोलतात असे मात्र नाही. नाशिक परिसरात तांबड्या वाइनसाठी ज्या काळ्या द्राक्षांची लागवड होते, त्यांत ‘शिराझ’ ही एक प्रमुख जात आहे. नाव इराणातील प्रसिद्ध शहराचे. आणि इराणातूनच हा वेल पश्चिमेकडे गेला अशी कथा दीर्घकाळ सांगितली गेली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस झालेल्या डी.एन.ए. परीक्षणातून असे निष्पन्न झाले की, या जातीचे आईबाप फ्रान्सच्याच आग्नेय भागातील दोन अप्रसिद्ध जाती आहेत. शिराझ शहराशी तिचा काहीही संबंध नाही. तरीही नाव टिकले, कारण नावाला प्रतिष्ठा होती. पुढे नाशिकच्या वाइनलाही ‘नाशिक व्हॅली’ या प्रदेशनामाखाली भौगोलिक निर्देशनाची नोंद मिळाली. म्हणजे फ्रान्सची जात, इराणचे नाव आणि महाराष्ट्राची भूमी या तिन्ही गोष्टी एका बाटलीवर सुखाने नांदतात. मोहाच्या वाट्याला असे काही आले नाही; आणि याचे कारण व्युत्पत्तीत निश्चितच नाही.

कारण व्युत्पत्तीच्या दृष्टीने मोहाचे कूळ द्राक्षमद्याइतकेच थोर आहे. संस्कृतात मोहाला ‘मधूक’ म्हणतात. या नावात ‘मधु’ हा शब्द उघडच आहे. मधु म्हणजे मध, गोड रस, आणि त्यापासून झालेले मादक पेयही. ग्रीक भाषेतील मद्यवाचक ‘मेथु’ व इंग्रजीतील ‘मीड’ हे त्याचेच सगोत्र शब्द होत. प्राकृतात दोन स्वरांमधील ‘ध’चा ‘ह’ झाला, अंत्य ‘क’ लोपला, आणि ‘महुअ’ किंवा ‘महूअ’ हे रूप सिद्ध झाले. हिंदीत त्याचे ‘महुआ’ झाले. मराठीत ‘अ’ व ‘उ’ यांचा संयोग होऊन ‘ओ’ आला आणि मोह, मोहा, मोव्हा अशी रूपे तयार झाली. मधमाश्यांच्या ‘मोहोळ’ या शब्दातही तेच ‘महु’ दडलेले आहे.

येथे एक अपघात घडला आहे. संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, ‘मुह्’ धातूपासून झालेला ‘मोह’ हा शब्द मराठीत आधीपासून आहेच. भ्रांती, भुरळ, आसक्ती हे त्याचे अर्थ. दोन निराळ्या मुळांचे शब्द उच्चारात एक झाले, आणि ज्याच्या फुलांनी माणसाला मोह पडतो तो मोह, अशी लोकव्युत्पत्ती निर्माण झाली. ती रसाळ असली तरी चुकीची आहे. आणि तिच्यामुळे एका झाडाच्या नावाला नीतीचा एक अकारण डाग लागला, हेही नमूद केले पाहिजे. हिंदी भाषिकाला ‘महुआ’ म्हणताना षड्रिपूंची आठवण होत नाही. मराठी भाषिकाला ती होते.

यवतमाळमध्ये या झाडाची केवळ आर्यभाषिक नावेच नाहीत. या जिल्ह्यात मराठीबरोबर गोंडी व कोलामी या दोन द्राविडी भाषा बोलल्या जातात. यांपैकी कोलामीचे पहिले सविस्तर व्याकरण एमेनो या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने शेजारच्या वर्धा जिल्ह्यातील बोलीच्या आधारे १९५५ साली प्रसिद्ध केले. तमिळमध्ये मोहाला इरुप्पै किंवा इलुप्पै, कन्नडमध्ये इप्पे, तेलुगूत इप्प म्हणतात. गोंडीतील इरुक, इर्पू ही रूपे याच कुळातील. मोहवर्गातील झाडांच्या तेलबियांना व्यापारात जे ‘इलिपे’ असे नाव आहे, तेही तमिळमधूनच गेले. मादक पेयासाठीही तमिळ कळ्, तेलुगू कल्लू, गोंडी कल अशी द्राविडी मालिका आहे, आणि संस्कृतातील मद्यवाचक ‘कल्या’ या शब्दाशी अभ्यासकांनी तिचा संबंध जोडला आहे. मद्य करणारा तो ‘कल्यपाल’. त्यापासून ‘कलाल’ हा जातिवाचक शब्द आला, जो वऱ्हाडात सर्वांच्या परिचयाचा आहे. तात्पर्य, मोह गाळणाऱ्या माणसाचे नाव कदाचित मूळ द्राविडी, संस्कृतातून फिरून पुन्हा द्राविडी भाषिकांच्या शेजारी येऊन राहिलेले आहे.

आता प्रत्यक्ष क्रियेकडे वळावे. मोह हा चिकू, बकुळ व रायण यांच्या कुळातील मोठा वृक्ष आहे. फाल्गुन-चैत्रात त्याची पाने झडलेली असताना फांद्यांच्या टोकांना फुलांचे घोस येतात. फुलाचा पाकळ्यांचा भाग मांसल, फिकट पिवळसर आणि रसाने भरलेला असतो. तो पहाटेच्या सुमारास गळून पडतो. उजाडण्यापूर्वीच बायका व मुले टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. खालचा पालापाचोळा आधी झाडून वा जाळून जागा स्वच्छ केलेली असते. या जाळण्यामुळे वणवे लागतात अशी वनखात्याची जुनी तक्रार आहे आणि ती निराधार नाही. फुले काही दिवस उन्हात वाळवली की तपकिरी, मनुकांसारखी होतात. वाळलेल्या फुलाच्या वजनाचा सुमारे निम्मा किंवा त्याहून अधिक भाग शर्करेचा असतो. ही फुले भाजून, शिजवून व पिठात मिसळून खाल्ली जातात, दुष्काळात तर त्यांनी कित्येक कुटुंबांना जगवले आहे. फुलांनंतर येणाऱ्या फळांतील बियांचे, म्हणजे टोळीचे, तेल निघते. तेव्हा मोहफूल म्हणजे मद्याचा कच्चा माल, एवढीच व्याख्या करणे हे अर्धसत्य होय.

मद्यासाठी वाळलेली फुले पाण्यात भिजत घालतात. हवामानानुसार काही दिवसांत ती आंबतात, म्हणजे किण्वजीव शर्करेचे मद्यार्कात रूपांतर करतात. येथपर्यंतची क्रिया तत्त्वतः वाइनचीच आहे. काळ्या द्राक्षाचा रस सालींसह आंबवला असता सालीतील रंग उतरून तांबडी वाइन होते. मोहफुलात तसा रंग नाही, इतकाच काय तो भेद. परंतु द्राक्षाचा रस आंबवून मुरवला की वाइन पूर्ण झाली. मोहाचे तसे नाही. आंबलेला द्रव भांड्यात घालून खाली विस्तव करतात, वाफ वरच्या थंड पाण्याच्या भांड्याने किंवा नळीने निववतात आणि थेंबथेंब गोळा करतात. त्यामुळे मोहाचे मद्य वाइनच्या नव्हे, तर ब्रँडीच्या जातीचे ठरते. किण्वनाने मद्यार्काचे प्रमाण साधारणतः शेकडा बारा-पंधराच्या पलीकडे जात नाही. ऊर्ध्वपातनाने ते बरेच वाढवता येते. या भेदाकडे डोळेझाक करून ‘मोहाची वाइन’ असा शब्दप्रयोग करणे सोयीचे असले तरी काटेकोर नाही.

ही ऊर्ध्वपातनाची विद्या भारतात किती जुनी, याविषयी वाद आहे. ऑल्चिन या पुरातत्त्वज्ञाने १९७९ साली, गांधार प्रदेशातील शैखान ढेरी येथील मातीच्या भांड्यांच्या आधारे, ती इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांइतकी जुनी असावी असे मत मांडले. त्यासंदर्भात भाषिक पुरावाही लक्षात घेण्याजोगा आहे. संस्कृतात ‘शुण्डा’ म्हणजे हत्तीची सोंड, आणि ‘शुण्डा’ म्हणजेच मद्यगृह व मद्यही. मद्यविक्रेता तो शौण्डिक. सोंडेसारख्या नळीतून मद्य टपकत असल्याखेरीज हा अर्थविस्तार कसा झाला असेल, असा प्रश्न विचारता येतो. शब्दावरून वस्तूचा निर्णय करणे धोक्याचे असते हे खरे. परंतु हा संकेत दुर्लक्षणीय नाही.

मराठीची स्वतःची परिभाषा याहून बोलकी आहे. मद्य ‘गाळतात’, पहिल्याने जे तीव्र मद्य उतरते ते ‘पहिल्या धारेचे’. हा वाक्प्रचार आज शहरी मराठीत कोणत्याही अस्सल वस्तूला गमतीने लावला जातो, पण तो भट्टीवरून आला आहे आणि भट्टीवर त्याला नेमका तांत्रिक अर्थ आहे. आंबत ठेवलेल्या फुलांच्या मिश्रणाला विदर्भात ‘सडवा’ म्हणतात. पोलिसांच्या कारवाईच्या वृत्तांतात ‘मोहाचा सडवा नष्ट केला’ हे वाक्य नेहमी वाचावयास मिळते. आता एकाच रासायनिक क्रियेसाठी मराठीत किती शब्द आहेत पाहा. इडलीचे पीठ ‘आंबते’. वाइनच्या कारखान्यात रसाचे ‘किण्वन’ होते. हा शब्द आधुनिक परिभाषाकारांनी योजला असला तरी ‘किण्व’ हा मूळ शब्द अर्थशास्त्रात मद्याच्या विरजणासाठी आलेला आहे. मोह मात्र ‘सडतो’. आंबणे ही स्वयंपाकघरातील क्रिया, किण्वन ही प्रयोगशाळेतील, आणि सडणे ही उकिरड्यावरील. क्रियापदाची निवड होताच पदार्थाचा सामाजिक दर्जा ठरून जातो.

नामांचीही तीच गत आहे. ‘दारू’ हा शब्द फारसीतून आला. तेथे त्याचा अर्थ औषध. मराठीत तो तोफेच्या बारुदाला लागला आणि मद्यालाही लागला, औषधाचा अर्थ मात्र पुसून गेला. याउलट द्राक्षमद्याला बायबलच्या मराठी भाषांतरकारांनी ‘द्राक्षारस’ हा निष्पाप शब्द दिला, आयुर्वेदाने ‘द्राक्षासव’ दिला, आणि बाजाराने ‘वाइन’ हा परकी शब्द जसाच्या तसा ठेवला. राज्य शासनाने २००१ साली द्राक्षप्रक्रिया उद्योगासाठी सवलतींचे धोरण आखले. २०२२ साली मोठ्या दुकानांतून वाइनच्या विक्रीस परवानगी देण्याचा निर्णय झाला, तेव्हा उसळलेल्या वादात वाइनला दारू म्हणावे की नाही, हाच मुद्दा अग्रभागी आला. ‘मोहाला दारू म्हणावे काय?’ असा वाद कोणी घातला नाही. वास्तविक चरकाने ग्रहणीरोगाच्या चिकित्सेत मधूकासव सांगितले आहे. पण ‘द्राक्षासव’ औषधाच्या दुकानात राहिले आणि मोहाच्या वाट्याला ‘गावठी’, ‘हातभट्टी’ ही नावे आली.

‘हातभट्टी’ या शब्दाने झालेला घोटाळा विशेष गंभीर आहे, कारण त्यात दोन भिन्न वस्तू एकत्र कोंबल्या गेल्या आहेत. एक, घरच्या देवकार्यासाठी, लग्नासाठी वा मृताच्या विधीसाठी मोहफुलांपासून गाळलेले मद्य, ज्याचे पहिले थेंब देवाला व पूर्वजांना भूमीवर वाहिले जातात. दुसरी, विक्रीसाठी गूळ, नवसागर व वेळप्रसंगी त्याहून घातक द्रव्ये घालून झटपट तयार केलेली दारू, जिच्यात मोहफूल असले तर नावापुरते असते. जिभेला आणि शरीराला या दोन्हींतील भेद ताबडतोब कळतो. शब्दाला तो कळत नाही. कौटिल्यासारख्या कठोर प्रशासकालाही तो कळला होता. मद्याची मक्तेदारी राज्याकडे ठेवूनही त्याने गृहस्थांना कार्यप्रसंगी पांढरी सुरा आणि औषधासाठी अरिष्ट घरी करण्याची मुभा दिली, आणि उत्सव, समाज व यात्रा यांच्या वेळी चार दिवसांची सवलत ठेवली.

ब्रिटिश अमदानीत अबकारी उत्पन्नाच्या दृष्टीने या मुभेला जागा उरली नाही. मुंबई इलाख्यात १८९२ च्या कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत खुद्द मोहफुलांच्या बाळगण्यावरच निर्बंध आले; म्हणजे जे अन्नही होते त्याला मद्याचा पूर्वावतार मानले गेले. यवतमाळ तेव्हा वऱ्हाडात होते, त्यामुळे तो कायदा येथे नव्हता. परंतु १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने विदर्भ मुंबई राज्यात आला आणि पुढे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा येथेही लागू झाला. मोहफुलांचा साठा व वाहतूक यांवर त्याखालील नियमांची बंधने होती. ती राज्य शासनाने २०२१ साली शिथिल केली. फूल मोकळे झाले, त्यापासून घरी गाळलेले मद्य मात्र बेकायदेशीरच राहिले.

येथे दुसरी बाजू तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे. यवतमाळ जिल्ह्यातील स्त्रियांनी संपूर्ण दारूबंदीची मागणी वर्षानुवर्षे लावून धरली आहे. ज्या घरात कर्ता पुरुष रोज पितो, त्या घरातील स्त्रीला मधूकाची व्युत्पत्ती सांगून काहीही साधत नाही. नदीपलीकडील वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे. चंद्रपूर जिल्ह्यात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठवली गेली. या प्रदेशात मद्याच्या सांस्कृतिक महत्त्वाविषयी लिहिताना त्या मागणीला अडाणीपणाचे लेबल लावणारे लेखन अधूनमधून वाचनात येते. ते अन्यायकारक आहे. मागणी करणाऱ्या स्त्रियांमध्ये मोह वेचणाऱ्या स्त्रियाही आहेत; त्यांचा रोष वर्षातून चार वेळा गाळल्या जाणाऱ्या विधीच्या मद्यावर नसून रोज विकल्या जाणाऱ्या दारूवर आहे. पण ‘दारूबंदी’ या समासात पूर्वपद एकच असल्यामुळे हा विवेक व्यक्त करण्यास भाषा त्यांना शब्द देत नाही.

शासकीय परिभाषेने या गोंधळावर कळस चढवला. आपल्या अबकारी व्यवस्थेत ‘देशी’ व ‘विदेशी’ हे मद्याचे वर्ग उगमस्थान सांगत नाहीत. ते कराचे व परवान्याचे वर्ग आहेत. म्हणूनच ‘भारतीय बनावटीचे विदेशी मद्य’ हा शब्दप्रयोग कोणालाही न खटकता रूढ झाला. २०२२ साली काजू, मोहफुले इत्यादी स्थानिक फळाफुलांपासून होणाऱ्या मद्याला राज्य मंत्रिमंडळाने ‘विदेशी मद्या’चा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. हेतू त्या मद्याला चांगली किंमत व बाजारपेठ मिळावी हाच होता, आणि तो अनिष्ट नव्हे. परंतु ज्याच्या नावाचा इतिहास पाणिनीपूर्व ‘मधु’पर्यंत जातो आणि ज्याचे झाड गोंडांच्या कुळकथांत उभे आहे, ते मद्य मराठी राजभाषेत प्रतिष्ठित होण्यासाठी विदेशी व्हावे लागले!

गोव्याने निराळा मार्ग धरला. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक निर्देशन मिळाले आणि २०१६ साली तिला राज्याच्या वारशाचे पेय म्हणून मान्यता देण्यात आली. फेणीला एक स्वतंत्र नाव होते, हा तिचा मोठा लाभ. हा शब्द फेसावरून आलेला आहे. मोहाची अडचण अशी की, झाडाचे नाव तेच फुलाचे आणि तेच मद्याचे. ‘मोहाची’ एवढे षष्ठीचे रूप, पुढचे नाम अध्याहृत. शिवाय मोह गुजरातपासून ओरिसापर्यंत सर्वत्र आहे, त्यामुळे केवळ झाडाच्या नावावर कोणत्याही एका जिल्ह्याला हक्क सांगता येणार नाही. उरतो तो कापिशायनाचा मार्ग, म्हणजे प्रदेशाच्या नावाने ओळख. केळापूरचे, झरीचे किंवा घाटंजीचे मद्य असे म्हणावयाचे, तर प्रत्येक ठिकाणची फुले, पाणी, आंबवण्याचे दिवस आणि गाळण्याची भांडी यांतील फरक नोंदले गेले पाहिजेत. आणि ते ज्या गोंडी व कोलामी शब्दांत आजही बोलले जातात, त्या शब्दांची नोंद सर्वप्रथम झाली पाहिजे. हे शब्द प्रामुख्याने वृद्ध स्त्रियांच्या तोंडी आहेत. पोडावरील मुले शाळेत मराठी शिकतात आणि शाळेच्या मराठीत ‘सडवा’ हा एकच शब्द आहे, तोही वर्तमानपत्रातून आलेला.

अनुसूचित क्षेत्रांच्या पंचायतींविषयीच्या १९९६ च्या कायद्याने मादक द्रव्यांची बंदी, नियमन वा निर्बंध यांविषयीचे अधिकार आणि गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेकडे सोपवली आहे. यवतमाळ जिल्ह्याचा काही भाग या क्षेत्रात मोडतो. तेथील ग्रामसभेला विक्रीची दारू बंद करावयाची आणि देवकार्याचा मोह ठेवावयाचा असेल, तर कायदा तिला तसे करण्यास वाव देतो. ठराव मराठीत लिहावा लागतो. त्यात ‘दारू’ असा शब्द पडला की दोन्ही गोष्टी बंद होतात, आणि ‘मोह’ असा शब्द पडला की ठराव झाडाविषयी आहे, फुलांविषयी आहे की मद्याविषयी, हे तालुक्याच्या कचेरीत कळत नाही.